वायबर्गचा नंबर

"असं सावकाश वाचलंस तर मध्येच खाली बसवतील तुला," लेलंड म्हणाला. "तीन मिनिटं मिळतात, फोस. तू अजून पुलापाशीच आहेस."

मी माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून विधिमंडळाच्या समितीपुढे वाचायचा कागद वाचत होतो. लेलंड हाउक टेबलाशी बसून हातातल्या घड्याळाकडे बघत होता. तो आमच्या ब्राउर गावाचं धान्यकोठार सांभाळतो. समोरचं माणूस थोडं कमीच तोलतंय, असा संशय त्याच्या बोलण्यात कायम असतो. कागद त्यानेच टाइप करून आणला होता.

"पुलाचं काढून टाकू का?"

"पूल राहू दे. मधलं ते तुझ्या नोकरीचं काढ. आणि शेवटचं वाक्य नीट म्हण. तिथे अडखळलास तर माझी मेहनत वाया."

शेवटचं वाक्य असं होतं : 'माझी दिवंगत पत्नी अर्डिथ या रस्त्याची आयुष्यभर वाट पाहत होती.'

"हे कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? अर्डिथला ओळखत नाही असं अर्ध्या राज्यात कोणी नाही. आणि ती समिती काय दगडाची आहे?"

"वाट नव्हती बघत ती."

"रुग्णवाहिकेवर चौदा मैल खडी तुडवत जायची-यायची ना? मग बघतच असणार." तो उठला, टोपी घातली. "गुरुवारी सहाला चर्चची व्हॅन घेऊन येतो. दाढी कर."

तो गेल्यावर मी पुन्हा खाली बसलो. अर्डिथ ऑक्टोबरमध्ये गेली होती आणि हा फेब्रुवारी होता. पोटात कॅन्सर निघाला आणि सात आठवड्यांत सगळं संपलं.

आमच्या भागात सात काउंट्या आहेत. राज्याच्या हायवे कमिशनवर या सातांचा मिळून एक माणूस जायचा, सहा वर्षांसाठी. कायद्यात लिहिलं होतं की भागाने नावं पाठवावी आणि गव्हर्नरने त्यातून निवडावं. पण आमच्या लोकांनी माझ्या जन्माच्याही आधी आपसात ठरवून टाकलं की नाव एकच पाठवायचं, आणि तेही नंबराने. पश्चिमेकडून सुरुवात करायची, पूर्वेपर्यंत जायचं, मग पुन्हा पश्चिमेला. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी एकदाही मोडलं नाही. ज्या काउंटीचा नंबर, तिचं त्या सहा वर्षांत एखादं मोठं काम व्हायचं. बाकीच्या सहा काउंट्या टाळ्या वाजवायच्या आणि वर्षं मोजत बसायच्या.

आमची काउंटी वायबर्ग, सगळ्यात पश्चिमेला. आमचा मागचा नंबर आला तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी हायवे खात्यात ग्रेडरवर, म्हणजे खडी सपाट करायच्या यंत्रावर लागलो. त्या खेपेला नदीवरचा पूल झाला. गावापासून हायवेपर्यंतचे चौदा मैल डांबरी करायचे राहिले. लोक म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढची खेप म्हणजे बेचाळीस वर्षं, आणि हे म्हणताना कोणाला हसू आलं नाही.

ती बेचाळीस वर्षं येत्या जुलैत भरत होती. आणि नाव माझं ठरलं होतं. अडतीस वर्षं त्या रस्त्यांवर बर्फ ढकलला, खडी ओढली, म्हणून काउंटीने एकमताने माझं नाव लिहिलं. अर्डिथ तेव्हा धडधाकट होती. ती म्हणाली, "कमिशनरसाहेब, कचऱ्याची पिशवी दारात आहे. नंबर तुमचा आहे."

आणि आता विधिमंडळात विधेयक आलं होतं. भाग नाहीत, नंबर नाहीत. गव्हर्नरने राज्यभरातून पाच माणसं नेमायची आणि कामं आकड्यांवर द्यायची : गाड्या किती, अपघात किती. आमच्या चौदा मैलांवरून दिवसाला ऐंशी गाड्या जातात, तेही सुगीत. आकड्यांवर आमचा रस्ता कधीच होणार नव्हता. हे लेलंडला कळत होतं आणि मलाही.

नंबर एका काउंटीकडून दुसरीकडे जायचा तेव्हा जेवण असायचं. दोन काउंट्यांच्या हद्दीवर तासभर रस्ता बंद करायचे आणि डांबरावर टेबलं मांडायचे, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. ज्यांचा नंबर संपला त्यांनी मांस आणि कोबी आणायचा, ज्यांचा सुरू झाला त्यांनी गोड. मग जुना कमिशनर उठून हद्दीपलीकडे जायचा, नव्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याच्याच ताटातला घास खायचा. भाषण नाही. भाषण करणाऱ्याला पोरं पाव फेकून मारायची.

आमचा नंबर पलीकडच्या टेलमन काउंटीकडे गेला त्या जेवणाला मी एकतीस वर्षांचा होतो आणि तीन ताटं खाऊन झालो होतो. पलीकडच्या टेबलाशी एक मुलगी आलुबुखाराचा कुखन, म्हणजे जर्मन पद्धतीचा केक, कापत होती. मी ताट पुढे केलं.

"तुम्ही वायबर्गचे ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग तुमचं झालं आता. छत्तीस वर्षं नुसतं जेवायला यायचं." आणि तिने मला कडेचा तुकडा दिला, ज्यात फळ सगळ्यात कमी असतं.

ती अर्डिथ. दुसऱ्या वर्षी आमचं लग्न झालं. तसं जेवण आता कुठे होत नाही. टेबलं आहेत, चर्चच्या तळघरात उभी करून ठेवलेली. मला अजून वाटतं की ज्या लोकांना एवढं सरळपणे दुसऱ्याच्या हातात काही देता येतं, त्यांचं फारसं चुकत नसणार.

अर्डिथला हे पटत नसे. आधी पटत होतं. मग ती गावाच्या रुग्णवाहिकेवर जायला लागली. पगार नाही, गावातलीच पाच-सहा माणसं आळीपाळीने जातात. ती सव्वीस वर्षं गेली. टेलमनमध्ये हायवेला लिंडच्या शेतापाशी एक बाक आहे, एकदम वळणारा. टेलमनचा नंबर होता तेव्हा तो साधाच बाक होता, म्हणून त्यांनी तळ्याकडचा रस्ता करून घेतला. त्यानंतर पलीकडे साखरेचा कारखाना आला, बीटाचे ट्रक धावायला लागले आणि त्या वळणावर अपघात व्हायला लागले. तोवर टेलमनचा नंबर निघून गेला होता.

तिथून परत आली की ती घरात यायची नाही. अंगणात नळी घेऊन बूट धूत राहायची, बूट स्वच्छ झाले तरी. मी कॉफी ठेवायचो. कधी कधी जेवताना विषय निघायचा.

"त्या बाकाला जाऊन सांग ना, डेल," ती म्हणायची. "म्हणावं, थांब जरा, तुझा नंबर अजून सतरा वर्षांनी आहे. तोवर कोणाला मारू नकोस."

"गरज बघून कामं द्यायला लागले तर सगळं शहरांकडे जाईल. गरज मोजणार कोण? शहरातलाच माणूस."

"मोजू दे की. मेलेली माणसं मोजायला काय लागतं?"

"आणि आपला रस्ता?"

"आपल्या रस्त्यावर धूळ बसते, डेल. धूळ मी पुसते."

यावर मी बटाटे मागायचो. पस्तीस वर्षांच्या संसारात हे भांडण किती वेळा झालं ते सांगता येणार नाही. तिचं बरोबर आहे, असं मी एकदाही म्हटलं नाही. पाटीचं, परावर्तकांचं, वेग कमी करण्याचं जे माझ्या हातात होतं ते मी त्या बाकावर केलं. म्हणजे मला कळत होतं. फक्त बोललो नाही.

गुरुवारी आम्ही पाच जण निघालो. लेलंड चालवत होता. मागे वेर्ना होती. ती गावातली खानावळ चालवते आणि रुग्णवाहिकेवर अर्डिथच्या जोडीला असायची. आणखी दोघे शेतकरी होते, ते राजधानी येईपर्यंत झोपले.

"वाचून दाखव परत," लेलंड म्हणाला.

"गाडीत वाचलं की मला मळमळतं."

"चाळीस वर्षं यंत्रावर बसलास आणि मळमळतं?"

"यंत्रावर मी वाचत नव्हतो."

वेर्ना खिडकीबाहेर बघत हसली. तिला अर्डिथचं मत माहीत होतं की नाही, मला कळत नव्हतं. गाडीवर त्या दोघी काय बोलायच्या ते मी कधी विचारलं नाही.

विधिमंडळात दारापाशी एक बाई कागद घेऊन बसली होती. नाव, काउंटी, आणि बाजूने की विरोधात, असे तीन रकाने. मी 'विरोधात' लिहिलं. ते खरं होतं. मी विरोधातच होतो.

समितीत नऊ आमदार होते. अध्यक्ष म्हणजे दक्षिणेकडच्या एका गुरांच्या मळ्याची म्हातारी मालकीण, तिला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलेला दिसत होता. माझं नाव पुकारल्यावर मी जाऊन बसलो आणि वाचायला लागलो. पूल आला, चौदा मैल आले, सुगीतली धूळ आली. शहरांना आमची नावं ठाऊक नाहीत हे आलं. आवाज बरा लागला होता. मागे लेलंड खुर्चीत सैल होऊन बसल्याचं मला न बघताही कळलं.

मग ते शेवटचं वाक्य आलं. मी ते डोळ्यांनी वाचलं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "एवढंच. धन्यवाद."

उठणार तेवढ्यात एक तरुण आमदार म्हणाला, "मिस्टर फोस, एक मिनिट. तुम्ही त्या रस्त्यांवर अडतीस वर्षं होतात. एखादी जागा अशी होती का, की जिथे काम आधी व्हायला हवं होतं आणि नंबर नाही म्हणून झालं नाही?"

तो अडकवायला विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. 'ते इंजिनियरांचं काम, मी साधा ग्रेडरवाला,' असं मला म्हणता आलं असतं. नोकरीत असताना मी ते शंभर वेळा म्हटलेलं आहे. 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. जुलैतली खुर्ची मला अगदी समोर दिसत होती. मागे लेलंड होता.

"आहे," मी म्हटलं. "टेलमनमधला लिंडचा बाक."

"काय झालं तिथे?"

"आमच्या गावची रुग्णवाहिका तिथे अकरा वेळा गेली. सात माणसं दगावली. त्यातली दोन शाळेतली होती."

"हा आकडा नक्की आहे?"

"माझी बायको त्या गाडीवर होती."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"त्या बाकाचा नंबर आता कधी?" त्याने विचारलं.

"आमच्यानंतर. अजून सहा वर्षांनी."

"मग मला समजत नाही, मिस्टर फोस. तुम्ही या विधेयकाच्या विरोधात कसे?"

"हे झालं तर आमच्याकडे परत कधी कोणी फिरकणार नाही, म्हणून. तेही खरं आहे."

"आणि तुमच्या पत्नी काय म्हणतात?"

"ती ऑक्टोबरमध्ये गेली," मी म्हटलं. "ती तुमच्या बाजूची होती. पस्तीस वर्षं भांडली माझ्याशी. आणि बाकाबद्दल तिचं बरोबर होतं."

बाहेर पडताना दारातल्या बाईने मला थांबवलं. "तुमचा रकाना बदलायचा आहे का? इथे 'विरोधात' आहे."

"राहू द्या तसंच."

"पण आत तुम्ही..."

"आत त्यांनी विचारलं ते सांगितलं."

परतीच्या वाटेवर पन्नास मैलांनंतर वेर्नाने पाव वाटले. लेलंडने घेतला नाही.

"तुला कोणी विचारलं होतं रे?" तो शेवटी म्हणाला.

"त्यानं विचारलं."

"'ठाऊक नाही' म्हणता येत नाही तुला? अडतीस वर्षं सरकारी नोकरी केलीस, तेवढंही शिकला नाहीस?"

"लेलंड, गाडी बघ," वेर्ना म्हणाली.

"गाडी बघतोच आहे. चाळीस वर्षं खडी बघतोय, गाडी बघायला काय जातंय. माझ्या बापानं या रस्त्यासाठी सह्या गोळा केल्या होत्या, ठाऊक आहे? घरोघर फिरून."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "माझ्या बापाची सही आहे त्यात."

मी काचेला डोकं टेकून बसलो. तिचं बरोबर होतं, हे मी पस्तीस वर्षांत घरच्या टेबलाशी म्हटलं नाही आणि नऊ अनोळखी माणसांसमोर म्हटलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं. तिला ऐकायला मिळालं असतं तर तिने काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. नुसते बटाटे पुढे सरकवले असते.

विधेयक समितीत एका मताच्या फरकाने पास झालं आणि एप्रिलमध्ये गव्हर्नरची सही झाली. ते एक मत माझ्यामुळे फिरलं की आधीच ठरलेलं होतं, देव जाणे. लेलंडला मात्र शंका नव्हती. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. खानावळीत मी आलो की तो कॉफी अर्धी ठेवून उठायचा. बाकीचे तसे वागले नाहीत, पण माझ्यासमोर रस्त्याचा विषय निघाला की हवामानावर जायचे. जुलैची एक तारीख आली आणि गेली. मी त्या दिवशी कुंपण रंगवलं. लिंडचा बाक नव्या कमिशनच्या पहिल्याच यादीत आला, असं पेपरात वाचलं. ब्राउरचं नाव एकशे बाराव्या जागी होतं.

मे महिन्यातच वेर्ना माझ्या दारात आली होती. "गाडी चालवायला माणूस नाही," ती म्हणाली. "मागचं मी बघते. तू नुसती चालव."

"मी सदुसष्ट वर्षांचा आहे."

"मी एकोणसत्तर. परवाना आहे ना मोठ्या गाडीचा?"

तसा मी लागलो. पहिले तीन महिने मधुमेह, गरोदर बाई, एक मधमाशी चावलेला. अर्डिथ जिथे सव्वीस वर्षं बसली त्या जागेकडे मी आरशातून बघायचो नाही. रस्ता बघायचो.

ऑगस्टमध्ये ऐन सुगीत, दुपारी बाराला, कोठारावरून फोन आला. लेलंड शिडीवरून पडला होता. खुबा मोडला होता. आम्ही त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याने डोळे उघडले, चालकाच्या जागेकडे मला जाताना बघितलं आणि पुन्हा मिटले.

"हा नेणार मला?" तो वेर्नाला म्हणाला.

"दुसरा कोणी हवा असेल तर तासाभराने येईल."

मी निघालो. ती चौदा मैल खडी मी माझ्या हाताने किती वेळा ओढली असेल. तिच्यावर उन्हाळ्यात आडव्या वळ्या उठतात, पत्र्यासारख्या, आणि त्यांवरून गेलं की माणसाचे दात वाजतात. पण त्या सगळीकडे नसतात. तिसऱ्या मोरीनंतर डावी कड धरली की अर्धा मैल जमीन मऊ आहे. चढावर मधोमध जायचं. जुन्या शाळेपाशी पार खाली, गवताला चाक लागेल इतकं. मी तसा गेलो. काटा पंचवीसच्या वर नेला नाही.

"झोपू नकोस, लेलंड," मागे वेर्ना म्हणत होती. "ग्लानी येतेय तुला. बोलत राहा."

"कोणाशी बोलू?"

"आहे की पुढे एक."

मागे स्ट्रेचरचा पट्टा करकरला. मग म्हणाला, "डांबर असतं तर एव्हाना पोचलो असतो."

"असतो," मी म्हटलं.

"आकडे हवेत ना त्यांना? आजचा एक धरायला सांग. ब्राउर रोड, एक खुबा."

"पडलास शिडीवरून. शिडीचं खातं वेगळं आहे."

वेर्नाने तोंडावर हात घेतल्याचं मला कळलं. लेलंड कण्हला, की हसला.

"बापानं दोनशे चौदा सह्या जमवल्या होत्या," तो म्हणाला. "कागद अजून आहे माझ्याकडे."

"मला दाखव कधी."

"तुला कशाला दाखवू?"

"बापाची सही बघायची आहे."

वेर्नाने त्याला हाक मारली, तेव्हा 'जागा आहे मी' म्हणाला, आणि मग सह्या कोणाकोणाच्या होत्या ते सांगायला लागला, एकेक घर घेऊन, पश्चिमेच्या टोकापासून. कोण सही करायला नाही म्हणालं, कोणी कुत्रं अंगावर सोडलं. मी मधूनमधून हूं म्हणत होतो आणि कड धरून चाललो होतो. निम्मी माणसं मला आठवत होती. तो हायवेजवळच्या शेवटच्या घरापाशी आला आणि आम्हीही आलो.

चाकं डांबरावर चढली. खडीचा आवाज एकदम बंद झाला आणि गाडीत इतकं शांत झालं की वेर्नाच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक मला पुढे ऐकू आली.

"थांबलास का?" लेलंडने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चाललोय."